चौदा पौंडांचा हत्ती

रेटिंग आधीच देऊन टाकतो, घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. हत्तीच्या चित्राचा जो प्रिंट, म्हणजे छापील प्रत, मी घेतला त्याला पाचपैकी चार. फ्रेमवाल्याला एक, तोही काच स्वच्छ पुसून दिली म्हणून. आणि ज्या माणसाने मूळ चित्र काढलं, इंग्लिश चित्रकार डेव्हिड शेफर्ड, त्याला किती द्यायचे यावर माझं आणि बाबांचं गेले दोन महिने व्हिडिओ कॉलवर भांडण चालूए, ते खाली येईलच.

तर झालं असं की आम्ही राहतो स्विंडनला, इंग्लंडात, आणि इथे दर दोन दुकानं सोडून एक चॅरिटी शॉप असतं जिथे लोक घरातलं जुनं सामान देऊन टाकतात. बायको लेकीसाठी सायकलचं हेल्मेट बघत होती, मी नेहमीसारखा उगाच इकडेतिकडे हात लावत फिरत होतो, आणि जिगसॉच्या खोक्यांच्या ढिगामागे भिंतीला टेकवून ठेवलेला हा हत्ती दिसला. अडीच फूट रुंद, सोनेरी रंग उडालेली फ्रेम, काचेला कोपऱ्यात तडा. पुढे एक मोठा सुळेवाला, कान पसरून थेट आपल्याकडे चालत येतोय, मागे धुळीत अजून दोन, आणि सगळ्यात वर एवढासा पांढरा किलीमांजारो, म्हणजे डोंगर आहे की ढग हे लगेच कळत पण नाही. लेक म्हणाली हा चिडलाय. मी म्हणलं चिडला नाहीये, तू त्याच्या रस्त्यात उभी आहेस. अठरा पौंडांची चिठ्ठी होती, काचेचा तडा दाखवून चौदाला घेतला. मागचं लेबल अर्धं फाटलेलं, त्यावर फक्त "शेफर्ड" आणि "अम्बोसे" एवढंच शाबूत होतं.

मला हा माणूस माहीतच नव्हता. शेजारच्या आजी कुंपणावरून बघून म्हणाल्या अरे हा तर डेव्हिड शेफर्ड, आमच्या सासूबाईंकडे याचाच एक होता, बूट्समधून आणलेला. आता बूट्स म्हणजे इथलं मेडिकल स्टोअर हो! कल्पना करा, आपण क्रोसिन आणि डेटॉल घ्यायला जातोय आणि काउंटरवाला विचारतोय, सोबत भिंतीवरचा हत्ती देऊ का. पण खरंच तसं होतं. १९६२ मधलं त्याचं 'वाईज ओल्ड एलिफंट' हे चित्र बूट्सने छापून विकलं आणि ते इतकं खपलं की एक पिढी त्या हत्तीखाली बसून टीव्ही बघत मोठी झाली. आपल्याकडे किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरची लक्ष्मी जशी घराघरात, तसा इथे हा हत्ती. आणि कॅलेंडरच्या लक्ष्मीला मोठे चित्रकार जसं नाक मुरडतात तसं यालाही मुरडायचे, चॉकलेटच्या डब्यावरचं चित्र म्हणायचे.

मग त्या रात्री मी बसून त्याची सगळी कुंडली काढली, आणि खरं सांगतो, चौदा पौंड तिथेच वसूल झाले. जन्म १९३१, लंडन. शाळेत चित्रकलेत रस एवढ्याचसाठी की रग्बीच्या मैदानावर जायला नको, तिथे त्याची जाम टरकायची. डोक्यात एकच खूळ, आफ्रिकेत जाऊन गेम वॉर्डन, म्हणजे जंगली जनावरांचा राखणदार व्हायचं. शाळा संपली तसा १९४९ मध्ये केनियात गेला, आणि तिथल्या नॅशनल पार्कवाल्यांनी दारातूनच परत पाठवला, आम्हाला तू नकोयस. वय अठरा, खिसा रिकामा. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात रिसेप्शनिस्ट म्हणून राहिला, पगार आठवड्याला एक पौंड. घरी परतायच्या तिकिटासाठी पक्ष्यांची चित्रं काढली आणि तिथल्या गोऱ्या लोकांना दहा-दहा पौंडांना विकली. पगार एक पौंड आणि एका चित्राचे दहा, इथे खरं तर माणसाच्या लक्षात यायला पाहिजे की आपलं काय चाललंय, पण नाही.

लंडनला परत. आता दोनच रस्ते, एक तर चित्रकार व्हायचं नाहीतर बस ड्रायव्हर. चित्रकार उपाशी मरतात हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे बस ड्रायव्हर जास्त सेफ वाटत होतं. तरी स्लेड नावाच्या नामांकित आर्ट स्कूलमध्ये एक पक्ष्याचं चित्र घेऊन गेला, त्यांनी सांगितलं तुझ्यात टॅलेंट नाही, शिकवण्यात अर्थ नाही. तो स्वतः म्हातारपणी पण म्हणायचा की ते चित्र भयाण होतं, त्यांचं काही चुकलं नाही. आणि मग एका पार्टीत त्याला रॉबिन गुडविन नावाचा व्यावसायिक चित्रकार भेटला, त्याने काय बघितलं कोण जाणे पण शिकवायला घेतलं, तीन वर्षं. गुडविनचं म्हणणं सरळ होतं, मूड लागेल तेव्हा चित्र काढणारे खूप असतात, तू सकाळी उठून कामाला लागायचं, बिलं भरायचीत. पुढे शेफर्ड आयुष्यभर सगळ्यांना सांगत राहिला की मी जो काही आहे तो गुडविनमुळे.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं. बाबा परतवाड्याला तीस वर्षं ड्रॉइंग मास्तर होते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला शेकडो पोरं बसवली असतील. ते एवढंच म्हणाले, "मी काय येगळं सांगत होतो तुले?" आणि थोडा वेळ दोघंही गप्प, कारण मला इंटरमिजिएटला सी ग्रेड होती आणि स्मरणचित्रात मी बैलाला पाच पाय काढले होते. चुकून. शेपटी जरा जाड झाली.

बरं, हत्ती अजून आलेला नाही. शेफर्डने सुरुवात केली ती विमानांपासून. लंडन एअरपोर्टवर बसून विमानं रंगवायची, त्यातून हवाई दलाच्या लोकांशी ओळख झाली, ते त्याला आपल्या विमानातून इकडे तिकडे न्यायला लागले आणि १९६० मध्ये नेलं केनियाला. तिथे ऑफिसर लोक म्हणाले विमानं नको बाबा, विमानं आम्ही दिवसभर बघतोच, इथलं काहीतरी काढ. मग त्याने धावपट्टीवरचा गेंडा काढला, विमानाच्या मागे लागलेला. मिळाले २५ पौंड. हे त्याचं प्राण्याचं पहिलं व्यावसायिक चित्र, तिशीला टेकल्यावर काढलेलं. ज्या देशाने अकरा वर्षांपूर्वी नोकरी नाकारली त्याच देशात.

आणि त्याच वर्षीची दुसरी गोष्ट, जिच्यामुळे मला हा प्रिंट वेगळा दिसायला लागला. तिकडेच फिरताना त्याला एक पाणवठा दिसला, शिकारी लोकांनी पाण्यात विष कालवलेलं, आणि भोवती झेब्रे मरून पडलेले. २५५. हा आकडा तो पुढे कायम सांगायचा. बाहेर उभं राहून एकेक मोजायला किती वेळ लागला असेल याचा विचार करा जरा. तिथून पुढे त्याने ठरवलं की ज्या जनावरांच्या जिवावर आपण कमावतोय त्यांना परत द्यायचं. म्हणजे बोलायला नाही, खरंच द्यायचं. १९७१ मध्ये चित्रं विकून झांबियाला चोरट्या शिकारीवर नजर ठेवायला हेलिकॉप्टर घेऊन दिलं. १९८४ मध्ये स्वतःच्या नावाची फाउंडेशन काढली. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तो गेला तोवर तिने जंगलासाठी ८० लाख पौंडांवर पैसे उभे केले होते. नात एमिली लॅम्ब पण चित्रकार आहे, तीही हत्ती-चित्ते काढते, आणि फाउंडेशन दरवर्षी वाइल्डलाइफ चित्रांची मोठी स्पर्धा घेते.

आता आमच्या घरचा भाग. १९७३ मध्ये त्याने 'टायगर फायर' नावाचं वाघाचं चित्र केलं, त्याचे सही केलेले मोजकेच प्रिंट काढले आणि त्यातून सव्वा लाख पौंडांवर पैसे जमले ते गेले आपल्याकडे, इंदिरा गांधींच्या प्रोजेक्ट टायगरला. १९७३ चे सव्वा लाख पौंड हां. त्याच्या आदल्या वर्षी देशात वाघ मोजले होते ते भरले १८२७, आणि प्रोजेक्टसाठी जी पहिली नऊ जंगलं निवडली त्यात कान्हा, रणथंभोर, कॉर्बेट यांच्या रांगेत आपलं मेळघाट होतं. परतवाड्याहून घाट चढलं की मेळघाट! माझं आख्खं बालपण सेमाडोहच्या आणि कोलखासच्या सहलीत गेलं, वाघ एकदाही दिसला नाही, गवे दिसले, पण प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे तो आपल्याले पाहून राहिला असन. त्याचे पैसे मेळघाटातच आले असं माझं म्हणणं नाही, सगळ्या प्रोजेक्टलाच ते गेले. पण इंग्लंडमधल्या चॅरिटी शॉपमधून धूळ झटकून घरी आणलेल्या हत्तीचा बाप आपल्या वाघांच्या हिशोबात कुठेतरी जमा बाजूला निघावा, याची मजा वाटतेच ना.

तर मी बाबांना हत्ती दाखवायला व्हिडिओ कॉल लावला. आणि इथून पुढे जे झालं ते माझ्या लेकीला अजून पुरतं कळलेलं नाही, कारण वऱ्हाडीत 'पाय' म्हणजे बघ. बाबा म्हणतायत, "कपाळ पाय त्याचं. आता कान पाय. आता पाय पाय." लेक माझ्याकडे बघतेय की हत्तीला नक्की आहेत तरी किती.

पण बाबांनी दाखवलेलं मी वीस वेळा चित्राजवळून गेलो तरी मला दिसलं नव्हतं. म्हणाले, आपल्या कोलखासच्या हत्तीणीच्या कपाळाला दोन उंचवटे होते, मधे खळगा, याचं कपाळ एकच सरळ गोल उतरतंय. तिची पाठ वर उचललेली, या मागच्या हत्तीची पाठ मधे खोलगट आहे, खोगीर ठेवल्यासारखी. कान तर खांद्यावरून मागे गेलाय. म्हणजे या माणसाने 'हत्ती' नाही काढलेला, आफ्रिकेतला हत्ती काढलाय. "आणि सावली पाय," म्हणाले, "काळी कुठं हाय?" खरंच नाहीये. पोटाखालची सावली जवळून बघितली तर जांभळट तपकिरी आहे, कडेला चक्क गुलाबी, कारण खालची जमीन तापून उजेड वर फेकतेय. केनियातल्या अम्बोसेलीची (लेबलवरचं अर्धं 'अम्बोसे' ते हेच) जमीन म्हणजे सुकलेल्या तळ्याची फिकट राखेसारखी धूळ, हत्तीचा रंगही तिच्याचसारखा झालाय. तिकडे केनियातच त्सावोला माती लाल म्हणून हत्ती विटेच्या रंगाचे दिसतात. हत्तीचा रंग जमीन ठरवते, हे मला वयाच्या पंचेचाळीसाव्या वर्षी बाबांकडून मोबाईलवर कळलं.

माझ्या मते या चित्रातला खरा हिरो धूळ आहे. मागच्या दोन हत्तींना पायच नाहीयेत, गुडघ्याखाली नुसतं पिवळट धुरकट, यलो ऑकरमध्ये पांढरा घालून घोटलेला, आणि त्यातून मधेच एखादी सुक्या गवताची काडी धारदार वर आलेली. निसर्गचित्र म्हणून बघितलं तर सगळा जीव त्या धुळीच्या पट्ट्यात आहे. डोंगर त्याने मुद्दाम लहान ठेवलाय. किलीमांजारो ५,८९५ मीटरचा, आहे टांझानियात पण दिसतो केनियातून, कुणीही दुसरा असता तर त्याने तो पोस्टकार्डासारखा मधोमध ठोकला असता.

तक्रार पण सांगतो. त्याचे बाकीचे हत्ती नेटवर बघितले, शंभरेक तरी बघितले असतील, आणि साठाव्यानंतर सगळे एकमेकांचे मावसभाऊ वाटायला लागतात. समोरून येणारा, कान पसरलेला, धूळ, काटेरी झाड. लोकांना तेच पाहिजे होतं आणि त्याने तेच दिलं. बाबांचं म्हणणं यात काय चुकलं, गणपतीवाला दरवर्षी गणपतीच करतो. माझं म्हणणं गणपतीवाला स्वतःला कलावंत म्हणवत नाही. यावर बाबा म्हणाले पेणला जाऊन हे बोलून दाखव. इथे आमचं रेटिंग अडकलंय. ते पाच म्हणतात, मी साडेतीन.

आता प्रिंट वस्तू म्हणून कसाय, कारण कुणाला घ्यायचा असेल तर हेच कामाचं. हा साधा ऑफसेटवर छापलेला आहे. मोबाईलच्या मॅक्रोने बघितलं की हत्तीच्या डोळ्यात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसतात, फुलासारखे गोल गोल मांडलेले. म्हणजे जो डोळा तीन फुटांवरून तुमच्याकडे रोखून बघतो तो तीन इंचांवर गेलं की विरघळून जातो. कागद जाड आहे, चांगला आहे. पण आधीच्या मालकाने बहुतेक खिडकीसमोर लावला होता, डावीकडचा भाग निळसर पडलाय. उन्हाने पिवळा आणि गुलाबी आधी उडतो, निळा आणि काळा टिकतो, म्हणून जुने उडालेले पोस्टर नेहमी निळे दिसतात, सलूनमधल्या हेअरस्टाईलच्या पोस्टरसारखे. माझ्या हत्तीचा डावा कान थोडा आजारी आहे म्हणा.

सहीचं जरा बघून घ्या. शेफर्डचे प्रिंट दोन प्रकारचे मिळतात. एक हा माझ्यासारखा, कितीही छापलेला, सही चित्रातच छापून आलेली. दुसरा मर्यादित प्रतींचा, त्याच्या खालच्या पांढऱ्या समासात पेन्सिलीने हाताने केलेली सही असते, बऱ्याचदा नंबर आणि कागदावर उमटवलेला कोरा, बिनशाईचा शिक्का. दोघांच्या किमतीत काही पट फरक. आणि ऑनलाइन लिलावात छापील सहीवाले बिनधास्त 'साइन्ड' म्हणून टाकलेले असतात. कागद तिरका धरून उजेडात बघा, पेन्सिलीला शिशाची चमक असते आणि कागदाला बारीक खड्डा पडतो, छापील सहीत दोन्ही नाही. फ्रेमच्या आत असेल तर विकणाऱ्याला काढून दाखवायला सांगा, नाही म्हणाला तर निघून या.

आता फ्रेमवाला. नाव घेत नाही, आमच्याच गावात आहे, दुकान छान आहे, बोलायला तर साखर. मी सांगितलं, तडा गेलेली काच बदला, मागचा पुठ्ठा सडलाय तो बदला, ॲसिड नसलेला घाला, बाकी काही करू नका. जुन्या पुठ्ठ्यातलं ॲसिड कागदात उतरतं आणि तो पिवळा पडतो, तपकिरी ठिपके येतात, एवढं मी वाचून गेलो होतो. ६५ पौंड म्हणाला, दोन आठवडे. दोनाचे पाच झाले, ते चालतं, आपण शिंप्याकडे दिवाळीचे कपडे टाकणारे लोक आहोत. पण घरी आणल्यावर बघतो तर चित्राच्या खालचा पांढरा समास गायब! ज्यावर प्रकाशकाची बारीक ओळ होती तो आख्खा पट्टा कापून टाकलेला. परत गेलो. म्हणाला माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या आत तो दिसतच नाही सर, आणि कागदाला लाटा आल्या होत्या म्हणून आम्ही तो ड्राय माउंट करून दिला, फ्रीमध्ये. म्हणजे गरम दाबाने बोर्डावर कायमचा चिकटवला. आता तो कधीच सुटणार नाही. साध्या भाषेत सांगायचं तर मी पुस्तक बाइंडिंगला दिलं आणि त्याने पानं एकमेकांना चिकटवून आणली. चौदा पौंडांचा प्रिंट होता म्हणून वाचलो, सहीवाला असता तर त्याची किंमत तिथेच संपली असती. तर कुठेही टाका, देताना कागदावर लिहून घ्या, कापायचं नाही, चिकटवायचं नाही, आणि मागचं लेबल जसं आहे तसं परत द्यायचं. लेबल पण गेलं माझं. अर्धं होतं, तरी होतं ना.

रागारागात त्या शनिवारी आम्ही क्रॅनमोरला गेलो. स्विंडनहून तासा-सव्वातासाचा ड्राइव्ह, शेप्टन मॅलेटजवळ. कारण शेफर्डचं दुसरं वेड हत्तीपेक्षा मोठं होतं, वाफेची इंजिनं. साठच्या दशकात ब्रिटिश रेल्वे वाफेची इंजिनं धडाधड भंगारात काढत होती, तेव्हा हा काजळी आणि ऑइलमध्ये लोको शेडमध्ये बसून त्यांची चित्रं काढायचा. आणि १९६७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शन विकलं गेलं त्या पैशातून याने दोन अख्खी इंजिनं विकत घेतली. लोक गाडी घेतात, फ्लॅट घेतात. याने ९२२०३ नंबरचं ब्लॅक प्रिन्स आणि ७५०२९ नंबरचं ग्रीन नाइट घेतलं. घेतली खरी, पण ठेवायची कुठे, म्हणून सत्तरच्या दशकात क्रॅनमोरला रेल्वेच काढली, ईस्ट सॉमरसेट रेल्वे. ती अजून चालते, अडीच मैल जाते आणि परत येते. ब्लॅक प्रिन्स १९५९ मध्ये आमच्याच स्विंडनच्या कारखान्यात बनलेलं, हे कळल्यावर मला उगाच गावचा अभिमान वाटला, चार वर्षं झाली फक्त इथे येऊन. ती दोन्ही इंजिनं आता तिथे नाहीत, ब्लॅक प्रिन्स नॉरफोकला गेलंय, त्यामुळे त्यासाठी जाऊ नका. तरी जा. स्टेशन टुमदार आहे, काम करणारे जवळजवळ सगळे हौशी रिटायर्ड काका, प्रत्येकाला बोलायचं असतं आणि चहा बरा होता.

झांबियाच्या हेलिकॉप्टरचं सांगितलं ना वर, त्याबद्दल तिथले राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांनी त्याला भेट काय दिली माहितीये? जुनं वाफेचं इंजिन. १८९६ चं, ग्लासगोत बनलेलं, तिकडच्या सॉ मिलच्या लाइनवर लाकडं ओढून दमलेलं. माणूस ओळखून भेट देणं याला म्हणतात, आमच्याकडे रिटायरमेंटला बाबांना भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं आणि तेही आधीच एक होतं.

आमची गाडी सुटली, वाफेचा एक भपकारा खिडकीतून आत आला, कोळसा, ओलं लोखंड आणि ऑइल असा मिक्स वास, आणि मी एकदम अचलपूरच्या स्टेशनात. शकुंतला. मुर्तिजापूरला जाणारी आमची छोट्या रुळांची गाडी, मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं इंजिन तिला १९२३ पासून १९९४ पर्यंत ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला ते काढून डिझेल लावलं. मी तेव्हा तेरा वर्षांचा. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात बाबा मला स्केचिंगला न्यायचे, इंजिन पाणी भरेपर्यंत जेवढं होईल तेवढं काढायचं. माझ्या डोळ्यात कोळशाचा कण जायचा आणि मी रडायचो. बाबांच्या वहीत ते इंजिन चारकोलने काढलेलं आहे, बॉयलरवरचे गंज, पोपडे, तेलाचे ओघळ सगळं. क्रॅनमोरहून परतताना गाडीत लक्षात आलं की हत्तीची कातडी आणि जुन्या इंजिनाचा पत्रा रंगवायला हात एकच लागतो. सुरकुत्या, पोपडे, मळ, वर मधेच चमकणारा उजेड. शेफर्डची दोन वेडं वेगळी नव्हतीच. मोठी, म्हातारी, मळकी आणि माणसं ज्यांना संपवायला निघालीत अशी, एवढंच त्याला आवडायचं बहुतेक.

हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले मग साडेतीन काहून? मी चार केले. त्यावर पुढे जायला तयार नाही, मावसभाऊ मला अजून खटकतात.

मग बाबांनी हळूच विचारलं, तो हत्ती पाठवता येईल का रे इकडे. प्रिंट काढून नळीत गुंडाळून पाठवायचा, किती सोपं होतं, माझ्या मावसबहिणीने असेच दोन नकाशे अमेरिकेहून पाठवले होते. पण फ्रीमध्ये ड्राय माउंट झालेला बोर्ड गुंडाळतो कोण. अडीच फुटी ताठ बोर्ड कुरिअर करायचा दर विचारला तर मूळ हत्तीच्या साडेपाच पट. बायको म्हणाली नवीन घे दुसरा, पण बाबांना हाच पाहिजे, निळ्या कानाचा.

शेवटी मी खिडक्यांचे पडदे लावून, काच काढून, प्रिंटचे तुकड्या-तुकड्यांनी अकरा फोटो काढले आणि पाठवले, डोळा वेगळा, सोंड वेगळी, धूळ वेगळी. त्यांनी परतवाड्यात प्रिंटाउट काढून जोडले आणि समोर लावून पूर्ण इम्पिरियल कागदावर काढायला बसलेत, पोस्टर कलर, वय ७६. रोज संध्याकाळी फोटो येतो. धूळ अशी जमलीय की काय सांगू, मूळ चित्राच्या तोडीस तोड. फक्त कपाळाला दोन उंचवटे आलेत, मधे खळगा. मी अजून बोललो नाहीये.